नेहमीची औषधं: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मासिस्ट आहे. औषध हातात घेताना लोक जे विचारतात आणि घरी गेल्यावर जे लिहून पाठवतात, त्यांतले सगळ्यात जास्त वेळा आलेले प्रश्न इथे आहेत. "उपाशीपोटी घ्या", "एकदम बंद करू नका" असे नियम नुसते सांगितले तर चार दिवसांत विसरले जातात, हे मी रोज पाहते. ती गोळी शरीरात काय करते हे एकदा कळलं की नियम आपोआप लक्षात राहतो. म्हणून उत्तरांमध्ये 'का' जरा जास्त आहे. डोसचे आकडे एरवी निरोगी असलेल्या प्रौढांसाठी आहेत. मुलांचे आहेत तिथे तसं लिहिलं आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. त्यांनी तुम्हाला तपासलं आहे, मी नाही.

१. डोकं दुखतंय की गुडघा, हे गोळीला कसं कळतं?

कळत नाही. गोळी पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात उतरते, यकृतातून जाते आणि रक्ताबरोबर अंगभर फिरते. तिचं रसायन जिथे चिकटू शकतं तिथे ती काम करते. आयब्युप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी सुजलेल्या गुडघ्यातलं प्रोस्टाग्लँडिन हे ठणका आणणारं रसायन कमी करते, म्हणून ठणका थांबतो. पण तेच प्रोस्टाग्लँडिन जठराच्या अस्तराला ॲसिडपासून वाचवत असतं. तिथेही ते कमी होतं आणि पोटात जळजळ सुरू होते. औषधाचा गुण आणि साइड इफेक्ट बहुतेक वेळा असे एकाच कामातून येतात. पुढची बरीच उत्तरं यावर उभी आहेत.

२. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन, दोन्ही तापावर चालतात. मग फरक काय?

पॅरासिटामॉलचं काम मुख्यतः मेंदूत चालतं. ते ताप उतरवतं, दुखणं कमी करतं, पण सूज फारशी उतरवत नाही. पोटाला मात्र सोसतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही सूजही कमी करतात. मुरगळलेला पाय, दाढदुखी, पाळीतलं दुखणं यांवर ती सरस ठरतात. ती जेवणानंतर आणि जितके कमी दिवस जमेल तितके घ्यावीत. अल्सर, किडनीचा आजार, कमकुवत हृदय किंवा चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी, यांपैकी काहीही असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. डेंग्यूची शंका असेल तर फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूत प्लेटलेट आधीच घटलेल्या असतात आणि ही दुसरी औषधं रक्तस्रावाचा धोका वाढवतात.

३. पॅरासिटामॉल तर साधी गोळी. दिवसात किती चालतात?

एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान चार तास, आणि २४ तासांत सगळं मिळून ४००० मिलिग्रॅमच्या वर कधीच नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी, रोजचं मद्यपान, यकृताचा आजार किंवा कित्येक दिवस पोटात अन्न नाही, अशा वेळी मर्यादा याहून खाली येते, विचारून घ्या.

यकृत पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर काढतं. थोड्या भागाचं मात्र विषारी रसायन बनतं. ते निकामी करायला यकृताकडे ग्लुटाथायोनचा साठा असतो आणि नेहमीच्या डोसला तो पुरतो. साठा संपला की ते विष यकृताच्या पेशी मारायला लागतं. धोका असा, की पहिल्या दिवशी थोडी मळमळ सोडली तर माणसाला ठीक वाटतं. हानी दिसायला दोन-तीन दिवस लागतात. यावर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि पहिल्या आठ तासांत दिला तर तो फार चांगला लागू पडतो. म्हणून जास्त गोळ्या गेल्याचं लक्षात आलं तर त्रास होण्याची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

नकळत जास्त घेणारे मला वारंवार भेटतात. तापाला एक गोळी, सर्दीला दुसरी, पाठदुखीला तिसरी. तिन्ही पट्ट्या उलट्या करून मागच्या चांदीवरची बारीक अक्षरं एकदा वाचा. पहिलीवर पॅरासिटामॉल ६५०, दुसरीवर पॅरासिटामॉल ५००, तिसरीवर आणखी कशाच्या तरी जोडीला पॅरासिटामॉल ३२५. एका वेळेचेच १४७५ मिलिग्रॅम झाले, आणि घेणाऱ्याच्या हिशेबात पॅरासिटामॉलची गोळी एकच होती.

४. मुलाला ताप आहे. औषध किती चमचे द्यायचं?

चमच्याने मोजू नका, घरातले दोन चमचे सारख्या मापाचे नसतात. बाटलीबरोबर आलेलं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा.

मुलांचा डोस वजनावर ठरतो. पॅरासिटामॉल दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, २४ तासांत जास्तीत जास्त चार वेळा. म्हणजे १० किलोच्या बाळाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम. आता बाटली हातात घ्या. ड्रॉप्स असतील तर बहुतेक वेळा १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतं, त्यामुळे १ ते दीड मिलिलिटर झालं. सिरपवर '५ मिलिलिटरमध्ये १२५' लिहिलं असेल तर ४ ते ६ मिलिलिटर. '५ मिलिलिटरमध्ये २५०' असेल तर २ ते ३ मिलिलिटर. औषध तेच, बाळ तेच, मापं तीन. सिरप संपलं म्हणून ड्रॉप्स आणले आणि जुन्या '१२५' च्या सिरपच्या मापाने दिले, तर डोस चौपट होतो. या एका चुकीची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते, म्हणून पातळ औषध देताना मी बाटलीवरचा आकडा आईबाबांकडून मोठ्याने वाचून घेते.

बाटली प्रत्येक वेळी नीट हलवा. बरीचशी पातळ औषधं पाण्यात विरघळलेली नसतात, तरंगत असतात. न हलवता दिलीत तर सुरुवातीचे डोस फिके आणि तळाचे कडक होतात.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला तर घरी औषध देत बसू नका, थेट डॉक्टरांकडे न्या. चार वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची मिश्र औषधं देऊ नका. आणि मुलांना, किशोरवयीनांनाही, तापासाठी ॲस्पिरिन नको. विषाणूच्या तापात त्याने रे सिंड्रोम हा मेंदू आणि यकृताचा जीवघेणा आजार होऊ शकतो.

५. सर्दी-ताप आहे. अँटिबायोटिक घेतली तर लवकर बरं वाटेल ना?

नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये सापडलेलं पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातली ॲमॉक्सिसिलिनसारखी औषधं जिवाणूला त्याच्या पेशीभोवतीची भिंत बांधू देत नाहीत. भिंत कच्ची राहते आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना तशी भिंत नसते, म्हणून आपण वाचतो. सर्दीच्या विषाणूलाही ती नसते, म्हणून तोही वाचतो. इतर अँटिबायोटिक जिवाणूची दुसरी यंत्रं बंद पाडतात, पण तीही विषाणूत नसतात.

सर्दी बहुधा सात ते दहा दिवसांत जाते, खोकला तीन आठवडेही रेंगाळतो. कफ पिवळा-हिरवा झाला एवढ्यावरून जिवाणू ठरत नाही. न्युमोनिया, लघवीचा जंतुसंसर्ग, टायफॉइड यांत मात्र अँटिबायोटिक जीव वाचवते. नेमक्या त्याच वेळी ती लागू पडावी म्हणून एरवी राखून ठेवायची. औषध अपुऱ्या मात्रेत वापरलं तर जिवाणू त्याला दाद देईनासे होतील, हा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता.

६. तीन दिवसांत बरं वाटलं. उरलेल्या अँटिबायोटिक घ्यायच्याच का?

डॉक्टरांनी जितके दिवस लिहिलेत तितके दिवस घ्या. आता कित्येक आजारांत पूर्वीपेक्षा छोटा कोर्स पुरतो हे सिद्ध झालं आहे, आणि डॉक्टर तसाच लिहूही लागले आहेत. पण कुठल्या आजाराला किती पुरतं हे 'बरं वाटण्यावरून' कळत नाही. क्षयरोग हे त्याचं टोकाचं उदाहरण. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि तरीही सुस्त पडलेले जंतू फुप्फुसात टिकून असतात. त्यांच्यासाठीच उपचार साधारण सहा महिने चालतो. उरलेल्या गोळ्या 'पुढच्या वेळेसाठी' ठेवू नका.

७. ॲसिडिटीसाठी कोणती गोळी चांगली?

तीन जातींची औषधं आहेत आणि ती तीन वेगळ्या ठिकाणी काम करतात.

चघळायच्या गोळ्या आणि पांढरी-गुलाबी पातळ औषधं तयार झालेलं ॲसिड मारतात. काही मिनिटांत आराम मिळतो, पण तास-दोन तासच टिकतो. फॅमोटिडिन ॲसिड तयार करण्याचा एक निरोप अडवतं. परिणाम साधारण तासाभराने सुरू होऊन दहा-बारा तास राहतो. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल ही जठराच्या पेशींमधले ॲसिड सोडणारे पंपच बंद करतात. मात्र ती फक्त चालू असलेला पंप बंद करू शकतात, आणि पंप जेवणाने चालू होतात. म्हणून ही गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची, म्हणजे पंप सुरू होताना ती रक्तात हजर असते. जेवण झाल्यावर घेतली तर तिचा बराच गुण वाया जातो. पूर्ण परिणामाला तीन-चार दिवस लागतात. 'एक घेतली, काही झालं नाही' अशी तक्रार येते ती त्यामुळेच.

ही गोळी वर्षानुवर्षं सवयीने घेणारे खूप आहेत. फार काळ घेतली तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. आणि अचानक सोडली की काही दिवस ॲसिड आधीपेक्षाही उसळतं, त्यामुळे माणसाला वाटतं की आपल्याला गोळीशिवाय भागतच नाही. हळूहळू कमी करायची पद्धत डॉक्टरांकडून समजून घ्या.

अल्सर असेल तर नुसती ॲसिडची गोळी पुरत नाही. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो हे दाखवलं. लोकांना पटेना म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हा जिवाणू सापडला तर बहुधा १४ दिवसांचा अँटिबायोटिकसह कोर्स असतो.

गिळताना अडकणं, काळी शी, आपोआप घटणारं वजन दिसलं तर तपासणी करून घ्या. छातीत जळजळतंय आणि घाम फुटलाय, दुखणं जबड्यात किंवा हातात उतरतंय, तर ॲसिडिटीची गोळी शोधू नका. हे हृदयाचं असू शकतं, लगेच हॉस्पिटल.

८. 'उपाशीपोटी', 'जेवणानंतर', 'दुधाबरोबर नको' हे कितपत पाळायचं?

काही औषधांत अगदी काटेकोर, काहींत सोयीपुरतं.

थायरॉइडची गोळी काटेकोर. थायरॉक्सिन पाण्याबरोबर, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी. कॅल्शियम आणि लोह तिला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकनाही दुधातलं कॅल्शियम आणि ॲसिडिटीचं पातळ औषध तसंच अडवतं. शिवाय डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याने, बसून घ्या आणि लगेच आडवं होऊ नका. अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण पाडते, आणि मग काही दिवस पाण्याचा घोटही टोचतो. हाडांसाठीची अलेन्ड्रोनेट याच कारणाने घेऊन अर्धा तास ताठ बसायचं. लोह उपाशीपोटी चांगलं शोषलं जातं, पण मळमळत असेल तर थोडं खाऊन घ्या. चहाबरोबर मात्र नको. मधुमेहाची मेटफॉर्मिन जेवणाबरोबर, म्हणजे पोट बिघडत नाही.

९. बीपी आता नॉर्मल येतंय. गोळी बंद करू का?

नॉर्मल येतंय ते गोळीमुळे. अमलोडिपिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंना सैल ठेवतं. गोळी थांबली की स्नायू पुन्हा आवळतात. ती शरीरातून सावकाश जाते, त्यामुळे बंद केल्यावर दोन-तीन दिवस आकडा चांगलाच राहतो आणि 'बघा, गरज नव्हती' असा भास होतो.

मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल ही बीटा ब्लॉकर तर एकदम थांबवणं धोक्याचं. ती ॲड्रेनलिनला हृदयावर बसू देत नाहीत. हृदय मग ॲड्रेनलिन पकडणाऱ्या जागाच वाढवून ठेवतं. गोळी अचानक गेली की वाढलेल्या सगळ्या जागा मोकळ्या होतात, धडधड वाढते आणि हृदयविकार असेल तर झटकाही येऊ शकतो. वजन उतरलं, मीठ कमी झालं, तर डोस खरोखर कमी होऊ शकतो. पण टप्प्याटप्प्याने आणि डॉक्टरांच्या नजरेखाली.

१०. बीपीची गोळी सुरू केल्यापासून कोरडा खोकला येतोय, पाय सुजतायत. गोळीमुळे असेल का?

बहुतेक हो, आणि दोन्हींची गोळी वेगळी असते.

खोकला असेल तर नावाच्या शेवटी 'प्रिल' आहे का पाहा: एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल. हे कूळ ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून जन्माला आलं. पहिलं औषध कॅप्टोप्रिल. ही औषधं बीपी वाढवणारं एक रसायन बनू देत नाहीत, पण त्याच वेळी ब्रॅडिकायनिन नावाचं दुसरं रसायन साचू देतात आणि घसा खवखवत राहतो. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या संपतात, खोकला संपत नाही. डॉक्टर बहुधा 'सार्टन' कुळातली टेल्मिसार्टन, लोसार्टन अशी गोळी देतात आणि खोकला एक ते चार आठवड्यांत जातो. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर ती आणीबाणी समजा.

घोट्याजवळची सूज बहुधा अमलोडिपिनची. त्याने आत येणाऱ्या रक्तवाहिन्या रुंदावतात, परत नेणाऱ्या तितक्या नाही, म्हणून पाणी पायात झिरपतं. ते अंगात साठलेलं जादा पाणी नसतं, त्यामुळे लघवी वाढवणाऱ्या गोळीने फारसं उतरत नाही. डोस कमी करून किंवा गोळी बदलून उतरतं. धाप लागत असेल तर मात्र सुजेचं कारण वेगळं असू शकतं.

११. मेटफॉर्मिनने किडनी खराब होते म्हणतात. खरं का?

गोष्ट उलटी आहे. मेटफॉर्मिन किडनी बिघडवत नाही. किडनी आधीच मंद झाली असेल तर ते शरीरात साचतं, म्हणून डोस कमी करतात किंवा थांबवतात. किडनी बिघडल्यावर डॉक्टरांनी गोळी बंद केली, आणि घरच्यांनी दोन गोष्टी जोडल्या. किडनीला खरा धोका बेताल शुगरचा. आणि किडनीच्या भीतीने गोळी सोडणारे मला दर महिन्याला भेटतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

हे औषध यकृताला रक्तात साखर सोडण्यापासून आवरतं. मधुमेहावर ते १९५७ पासून वापरात आहे. एकटं असेल तर त्याने शुगर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्सुलिनने जाऊ शकते. घाम, थरथर, चिडचिड, गोंधळ, आणि मोजल्यावर ७० च्या खाली आकडा आला तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि मग खा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या. पायाची जळजळ नेहमीच शुगरची नसते.

१२. कोलेस्टेरॉलची गोळी रात्रीच घ्यायची का?

सिम्व्हास्टॅटिन रात्री, कारण यकृत कोलेस्टेरॉल जास्त करून रात्री बनवतं आणि ती गोळी थोडेच तास टिकते. ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन दिवसात कधीही. अंग खूप दुखलं आणि लघवी गडद झाली तर लगेच कळवा. ग्रेपफ्रूटचा रस सिम्व्हास्टॅटिन आणि ॲटोर्व्हास्टॅटिनची रक्तातली पातळी वाढवतो.

१३. हृदयासाठी रोज छोटी ॲस्पिरिन सुरू करू का?

हार्ट अटॅक येऊन गेला असेल, स्टेंट असेल, तर ती तुमच्यासाठी मोलाची आहे. दात काढायचा म्हणूनही स्वतःहून थांबवू नका. असं काहीच नसेल तर स्वतःहून सुरूही करू नका, कारण रक्तस्रावाचा धोका फायद्यावर मात करू शकतो.

७५ ते १०० मिलिग्रॅम इतका छोटा डोस पुरतो याचं कारण मला नेहमी थक्क करतं. ॲस्पिरिन प्लेटलेटमधलं एक एन्झाइम कायमचं निकामी करतं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही आणि तिच्या सात ते दहा दिवसांच्या सगळ्या आयुष्यात गुठळीच्या कामाला पूर्वीसारखी येत नाही. आयब्युप्रोफेन याच जागेवर तात्पुरतं बसतं आणि ॲस्पिरिनला आत येऊ देत नाही. म्हणून दोन्ही घ्यायची वेळ आली तर वेळा विचारून घ्या.

१४. दम्याच्या पंपाची (इन्हेलरची) सवय लागते का? गोळीवर भागणार नाही?

सवय लागत नाही. पंपात असतं त्या साल्ब्युटामॉलची गोळी २ ते ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या विसाव्या ते चाळिसाव्या भागाइतकं. औषध थेट श्वासनलिकेत जातं म्हणून इतकं थोडं पुरतं, आणि हातांची थरथर, धडधड कमी होते.

मोकळं करणारा पंप आवळलेल्या नळ्या सैल करतो. आतली सूज तशीच राहते. सूज उतरवतो तो स्टिरॉइडचा पंप, आणि तो बरं वाटत असतानाही घ्यायचा असतो. दम्यात फक्त मोकळ्या करणाऱ्या पंपावर राहणं धोक्याचं आहे. २०१९ पासून जागतिक दमा मार्गदर्शक तत्त्वंही प्रौढांसाठी तसं सुचवत नाहीत.

पंप माझ्यासमोर घेऊन दाखवा असं मी म्हणते, तेव्हा बहुतेक जण आधी दाबतात आणि मग श्वास घेतात. औषध जिभेवर बसतं. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटा, सावकाश श्वास आत घ्यायला लागा आणि तेव्हाच दाबा, मग दहा सेकंद श्वास रोखा. जमत नसेल तर स्पेसर लावा. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात बुरशी येते.

१५. नाकाचा स्प्रे मारल्याशिवाय झोपच येत नाही. काय करू?

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असेल तर नाक आता स्प्रेमुळेच बंद होत आहे. पाच दिवसांच्या पुढे वापरलं की रक्तवाहिन्या औषध उतरताच जास्त फुगतात. एका नाकपुडीत आधी बंद करा, आठवड्याने दुसरीत. मिठाच्या पाण्याचा स्प्रे चालतो. डॉक्टर नाकाचा स्टिरॉइड स्प्रेही देतात.

१६. ॲलर्जीची गोळी घेतली की दिवसभर झोप येते.

क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्या मेंदूत शिरतात. सेटिरिझिन कमी शिरतं, फेक्सोफेनाडिन जवळजवळ नाही. गाडी चालवणाऱ्यांनी नाव पाहूनच घ्यावी.

१७. एक डोस चुकला. आता दोन घेऊ?

नको. आठवलं तेव्हा घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. गर्भनिरोधक गोळ्यांचे नियम वेगळे असतात, पाकिटातला कागद पाहा.

एक अपवाद मनात कोरून ठेवा. सांधेदुखीसाठी दिलेली मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतल्याने रक्तपेशी घटून माणसं दगावली आहेत. चिठ्ठीवर वार लिहून घ्या.

१८. नाव वेगळं, कंपनी वेगळी. जेनेरिक तितकंच लागू पडतं का?

नियमाप्रमाणे मंजूर झालेलं जेनेरिक रक्तात मूळ औषधाइतकंच आणि तितक्याच वेगाने पोहोचतं हे दाखवावं लागतं. थायरॉक्सिन, फिट्सची औषधं, रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन यांत मात्र कमी आणि जास्त डोसमधली रेषा अरुंद असते. शक्यतो कंपनी बदलू नका, बदलली तर डॉक्टरांना सांगा.

पट्टीवरच्या मोठ्या नावाखालचं बारीक नाव पाठ करा. एका आजींनी पिशवीतून तीन पट्ट्या काढून माझ्यासमोर मांडल्या होत्या, तीन डॉक्टरांच्या, तीन नावांच्या. आत तिन्हींत अमलोडिपिन होतं. त्यांना महिनाभर चक्कर येत होती.

१९. गोळी तोडून किंवा कुटून दिली तर चालेल? आणि गोळी शौचातून अख्खी पडली तर?

मध्ये रेघ असेल तर तोडता येते. नावापुढे 'एसआर', 'एक्सआर', 'ईआर' असेल तर कुटू नका. दिवसभराचं औषध एकदम सुटतं. जठरात फुटू नये म्हणून लेप दिलेल्या गोळ्याही तशाच गिळा.

सावकाश सुटणाऱ्या मेटफॉर्मिनसारख्या गोळीचं टरफल शौचात दिसू शकतं. औषध बाहेर झिरपून गेलेलं असतं, उरतो तो मऊ सांगाडा. डोस पुन्हा घेऊ नका.

२०. 'मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे' असं लहानपणापासून सांगतात. तपासून घ्यावं का?

जरूर. ॲलर्जीचा शिक्का असलेल्या दहापैकी नऊ किंवा जास्त जणांना तपासल्यावर पेनिसिलिन चालतं. जुलाब, मळमळ हे साइड इफेक्ट आहेत, ॲलर्जी नव्हे. पण स्वतः घेऊन पाहू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच तपासा. अंगभर गांधी, चेहऱ्याला सूज, घरघर, भोवळ ही खरी रिॲक्शन. त्यात ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं आणि मिनिटांचा प्रश्न असतो. औषधानंतर कातडी सोलली गेली किंवा तोंडात फोड आले असतील, तर ते औषध पुन्हा कधीच नको.

२१. स्टिरॉइड म्हणजे वाईटच ना?

प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड कित्येकांचे प्राण वाचवतं. भीती दुसऱ्या गोष्टीची हवी: तीन आठवड्यांहून जास्त घेतल्यावर शरीराची स्वतःची ग्रंथी सुस्तावते, आणि गोळी एकदम थांबली तर बीपी कोसळू शकतं. म्हणून डोस हळूहळू उतरवतात. गजकर्णावर स्टिरॉइडचं मलम लावू नका; खाज थांबते आणि बुरशी पसरते.

२२. मुदत संपलेली गोळी विषारी होते का?

सहसा विषारी नाही, कमजोर होते. इन्सुलिन, जिभेखालची नायट्रोग्लिसरीन आणि डोळ्याचे थेंब यांत मात्र धोका पत्करू नका. थेंब उघडल्यावर बहुधा २८ दिवस. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, गोठू द्यायचं नाही.

२३. गरोदर आहे. चालू गोळ्या थांबवू?

स्वतःहून नाही, फिट्स, थायरॉइड, दमा यांच्या तर मुळीच नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना यादी दाखवा. बीपीच्या 'प्रिल' आणि 'सार्टन', फिट्सचं व्हॅल्प्रोएट, वॉरफॅरिन बाळाला अपाय करू शकतात. ताप-दुखण्याला गरजेपुरतं पॅरासिटामॉल. विसाव्या आठवड्यापासून आयब्युप्रोफेन टाळा.

२४. उलट्या-जुलाब चालू आहेत. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या चालू ठेवू?

हा प्रश्न सगळ्यात उशिरा विचारला जातो, बहुधा चौथ्या दिवशी, किडनी थकल्यावर. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना 'प्रिल', 'सार्टन', लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि आयब्युप्रोफेन किडनीला मिळणारा दाब आणखी उतरवतात. किडनी मंदावली की मेटफॉर्मिन साचतं (प्रश्न ११). डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्यांनी शुगर फार वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. म्हणून या गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. इन्सुलिन मात्र पूर्ण बंद करायचं नसतं, आणि स्टिरॉइडची गोळी (प्रश्न २१) उलटीत पडत असेल तर ती आणीबाणी आहे.

ओआरएस पहिल्या जुलाबापासून. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि पाणी त्यांच्यामागून येतं, म्हणून प्रमाण तंतोतंत हवं. लिटरचं पाकीट पूर्ण लिटर पाण्यातच; अर्धं पाणी घेतलं तर जास्त क्षाराने पाणी उलट आतड्यात ओढलं जातं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून घोट घोट द्या. मुलांना जोडीला १० ते १४ दिवस झिंक.

खाणं-पिणं पूर्ववत होऊन २४ ते ४८ तास झाले की थांबवलेल्या गोळ्या बहुधा पुन्हा सुरू होतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर सगळ्या पट्ट्या ठेवा आणि प्रत्येकीवर पेनाने लिहून घ्या: आजारपणात 'थांबवा' की 'चालू ठेवा'.